मोठी बँक, गावची बँक आणि अडीच लाखांची रेघ

वाचकाचे पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी नाव न छापण्याच्या विनंतीसह लिहिले आहे. त्या आणि त्यांचे यजमान मिळून वृद्धांना घरी जाऊन शुश्रूषा पुरवणारी एक लहान कंपनी चालवतात. तीसेक माणसे कामाला आहेत आणि दर पंधरवड्याला त्यांचे पगार होतात. २०११ साली मोठ्या बँकांनी कर्ज नाकारले, तेव्हा त्यांच्या गावातल्या एका लहान बँकेने दीड लाख डॉलरची पतमर्यादा मंजूर केली. तेव्हापासून कंपनीचे आणि घरचे सगळे व्यवहार त्याच बँकेत आहेत. विमा कंपन्यांकडचे येणे एकदम जमा झाले की कंपनीच्या खात्यात साडेचार लाख डॉलरपर्यंत शिल्लक राहते. घरची तीन लाख दहा हजारांची बचत यजमानांच्या एकट्याच्या नावावर आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत काही बँका बुडाल्यापासून यजमानांचा आग्रह आहे की सगळा पैसा देशातल्या चार सर्वांत मोठ्या बँकांपैकी एकीत हलवावा, कारण सरकार त्यांना बुडू देणार नाही. त्यांच्या वडिलांचे निवृत्तीचे पैसे महाराष्ट्रातल्या एका सहकारी बँकेत दीर्घकाळ अडकले होते. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला हा विचार मान्य नाही. २००८ साली ज्यांच्यामुळे लोकांची घरे गेली आणि तरी ज्यांना सरकारने वाचवले, त्यांच्या हाती आपला पैसा का द्यायचा, असे ती विचारते. भगिनींचा प्रश्न असा की मोठ्या बँकेत जाण्यात शहाणपण आहे का, आणि गेलो तर अडचणीच्या वेळी पाठीशी उभ्या राहिलेल्या बँकेशी ती बेइमानी ठरेल का?

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात एक वाक्य तीन वेळा येते: सरकार मोठ्या बँकांना बुडू देणार नाही. पहिल्यांदा ते तुमच्या यजमानांच्या तोंडी दिलासा म्हणून येते, दुसऱ्यांदा तुमच्या मुलीच्या तोंडी तक्रार म्हणून, आणि तिसऱ्यांदा तुम्ही स्वतः ते गृहीत धरून पुढचा प्रश्न विचारता. तिघांची मते वेगळी असली तरी तिघांच्याही पायाखाली हे एकच वाक्य आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

२५ सप्टेंबर २००८ रोजी वॉशिंग्टन म्युच्युअल नावाची बँक बुडाली. तिची मालमत्ता ३०७ अब्ज डॉलर होती आणि अमेरिकेच्या इतिहासात एवढी मोठी बँक त्यापूर्वी किंवा त्यानंतर बुडालेली नाही. सरकारने ती ताब्यात घेतली आणि त्याच दिवशी जेपी मॉर्गन चेसला १.९ अब्ज डॉलरना विकली. भागधारकांचे पैसे गेले, बँकेच्या रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्यांनाही मोठा फटका बसला, पण ठेवीदारांचा एक सेंटही बुडाला नाही. दोनच महिने आधी कॅलिफोर्नियातली इंडीमॅक ही तिच्याहून कितीतरी लहान बँक बंद पडली होती, आणि तिथे ठेवींवरच्या सरकारी विम्याच्या मर्यादेपलीकडे पैसे ठेवलेल्यांच्या हाती त्या जादा रकमेपैकी सुरुवातीला निम्मीच पडली. बँक बुडणे आणि ठेव बुडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन उदाहरणांतून लक्षात घ्यावे. सरकार वाचवते ते बहुतेक वेळा देशाची बँकव्यवस्था कोलमडू नये म्हणून. त्यात एखाद्या ठेवीदाराचे भले झाले, तर ते ओघाने होते.

मार्च २०२३ मध्ये हेच पुन्हा दिसले. सिलिकॉन व्हॅली बँकेने ठेवीदारांचा पैसा दीर्घ मुदतीच्या सरकारी आणि गृहकर्जाच्या रोख्यांत गुंतवला होता. फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, मार्च २०२२ पासून व्याजदर जवळजवळ शून्यावरून भराभर वर नेले आणि त्या जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची बाजारातली किंमत घसरली. बँकेच्या तोट्याने घाबरून ९ मार्चला एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेतले आणि १० मार्चला बँक बंद झाली. तिच्या ठेवींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम विम्याच्या मर्यादेबाहेर होती. तरीही १२ मार्चच्या रविवारी सरकारने व्यवस्थेला धोका असल्याचे कारण देऊन सर्व ठेवी पूर्ण देण्याचे जाहीर केले. याउलट ऑक्टोबर २०२४ मध्ये ओक्लाहोमातल्या लिंडसे गावची फर्स्ट नॅशनल बँक बुडाली, तेव्हा असा कोणताही अपवाद झाला नाही. मर्यादेपलीकडच्या रकमेपैकी सुरुवातीला निम्मी मिळाली आणि उरलेल्या रकमेसाठी ठेवीदारांच्या हाती केवळ दाव्याचा कागद राहिला.

म्हणून तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मर्यादेबाहेरचा पैसा मोठ्या बँकेत असेल तर तो वाचण्याची शक्यता अधिक असते. हे अन्याय्य आहे, पण खरे आहे. मात्र ती शक्यता आहे, हक्क नव्हे. ठेवीदारांना संपूर्ण संरक्षण द्यायचे की नाही, हे कोण्या एका शनिवार-रविवारी वॉशिंग्टनमधली काही माणसे बाहेर किती घबराट पसरली आहे ते पाहून ठरवतात. तीस माणसांचे पगार अशा निर्णयावर अवलंबून ठेवू नयेत.

कायद्याने दिलेले वचन वेगळे आहे आणि ते बँकेच्या आकाराकडे पाहत नाही. १९३३ मध्ये, हजारो बँका बुडाल्यानंतर, अमेरिकेने फेडरल ठेव विमा महामंडळ, म्हणजे एफडीआयसी, स्थापन केले. १ जानेवारी १९३४ पासून विमा लागू झाला तेव्हा त्याची मर्यादा २,५०० डॉलर होती. १९८० मध्ये ती एक लाखावर गेली, आणि २००८ च्या संकटात अडीच लाख झाली ती तिथेच कायम राहिली. या नव्वदहून अधिक वर्षांत विम्याच्या मर्यादेतला एक सेंटही कोणाचा बुडालेला नाही. हा विमा तुमच्या गावच्या बँकेत आणि जेपी मॉर्गन चेसमध्ये तंतोतंत सारखा आहे. क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थेत, पैसा असेल तर तिथे दुसऱ्या सरकारी निधीकडून तेवढेच संरक्षण मिळते. त्यामुळे तुमच्या बाबतीत बँक मोठी की लहान हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. तुमचा कोणता पैसा अडीच लाखांच्या रेघेच्या आत आहे आणि कोणता बाहेर, हा पहिला.

या ठिकाणी यजमानांविषयी थोडे बोलतो. आपल्या वडिलांना बँकेच्या बंद दारापुढे रांगेत उभे असलेले ज्याने पाहिले, त्याला आकडेवारी सांगून धीर येत नाही. आपल्याकडे ठेव विमा आला तोही अशाच दुःखातून आला. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळली आणि त्यानंतर १९६२ पासून भारतात ठेवींना विमा मिळाला. त्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पर्यंत एक लाख रुपये होती, मग ती पाच लाख झाली. रिझर्व्ह बँकेने एखाद्या सहकारी बँकेवर निर्बंध घातले की विम्याचे पैसेसुद्धा वर्षानुवर्षे हाती येत नसत. नव्वद दिवसांत ते द्यावेत अशी तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने आली, म्हणजे तुमच्या सासऱ्यांसारख्या अनेकांचे हाल होऊन गेल्यावर. अमेरिकेतली रीत निराळी आहे. इथे बँक बहुधा शुक्रवारी संध्याकाळी ताब्यात घेतली जाते आणि सोमवारी सकाळी तिच्याच शाखा दुसऱ्या बँकेच्या नावाने उघडतात. विमा असलेल्या ठेवीदाराचे कार्ड आणि धनादेश बहुतेक वेळा चालूच राहतात. यजमानांना एवढे शांतपणे सांगा. त्यांना मोठ्या बँकेचा मोह नाही, त्यांना पुन्हा त्या रांगेत उभे राहायचे नाही. आणि त्या इच्छेचे उत्तर मोठ्या बँकेशिवायही देता येते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तो मला तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटला.

चार बँका म्हणजे जेपी मॉर्गन चेस, बँक ऑफ अमेरिका, सिटीग्रुप आणि वेल्स फार्गो. त्यांतल्या पहिलीची मालमत्ता सुमारे ४ ट्रिलियन डॉलर, म्हणजे चार लाख कोटी डॉलर आहे. भारताचे एका वर्षाचे एकूण उत्पादन साधारण तेवढेच भरते. ही तुलना काटेकोर नाही, पण आकार डोळ्यांपुढे यायला पुरेशी आहे. या बँका नेहमीच एवढ्या मोठ्या नव्हत्या. अमेरिकेत दीर्घकाळ बँकांना आपले राज्य ओलांडून शाखा काढण्यास मज्जाव होता, काही राज्यांत तर गावाबाहेरही शाखा काढता येत नसे, आणि म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे सुमारे चौदा हजार व्यापारी बँका होत्या. १९९४ च्या कायद्याने राज्यांच्या सीमा खुल्या केल्या आणि विलीनीकरणांची लाट आली. १९९८ मध्ये उत्तर कॅरोलिनाच्या नेशन्सबँकेने सॅन फ्रान्सिस्कोची बँक ऑफ अमेरिका घेतली आणि तिचेच नाव लावले. त्याच वर्षी सिटीकॉर्प आणि ट्रॅव्हलर्स या कंपन्या एकत्र येऊन सिटीग्रुप झाली. २००० मध्ये चेस आणि जेपी मॉर्गन एक झाल्या. आज ठेव विमा असलेल्या सगळ्या बँका मिळून साडेचार हजारांच्या आसपास आहेत.

पुढची वाढ संकटांतून झाली. २००८ मध्ये बेअर स्टर्न्स आणि वॉशिंग्टन म्युच्युअल जेपी मॉर्गनकडे गेल्या, मेरिल लिंच बँक ऑफ अमेरिकेकडे आणि वाकोव्हिया वेल्स फार्गोकडे. ज्या बँकेकडे देशातल्या ठेवींचा दहा टक्क्यांहून अधिक वाटा आहे तिने दुसरी बँक विकत घेऊ नये असा कायदा आहे, पण बुडणाऱ्या बँकेसाठी त्याला अपवाद आहे. मे २०२३ मध्ये फर्स्ट रिपब्लिक बँक जेपी मॉर्गनला मिळाली ती याच अपवादातून. वादळात लहान होड्या बुडतात, त्यांतली माणसे मोठ्या जहाजावर घेतली जातात आणि जहाज आणखी मोठे होते. मला ही गोष्ट चिंतेची वाटते आणि तुमच्या मुलीलाही ती वाटावी यात नवल नाही.

तरीसुद्धा या बँका नसत्या तर बरे झाले असते, असे मात्र मी तिला सांगणार नाही. तुमच्याच व्यवहाराचे उदाहरण घ्या. तुम्ही पत्रात लिहिता की नाशिकला आईच्या औषधांसाठी दर महिन्याला गावच्या बँकेतून पैसे पाठवता. अमेरिकेतल्या गावच्या बँका सहसा परदेशी बँकांशी थेट व्यवहार ठेवत नाहीत. त्या एखाद्या मोठ्या बँकेत आपले खाते ठेवतात आणि परदेशी पैसे पाठवण्याचे काम त्या बँकेकडून करून घेतात. म्हणजे मोठ्या बँकेला हातही लावायचा नाही असे ठरवले, तरी आईची औषधे बहुधा मोठ्या बँकेच्याच वाटेने जात असणार. तुमच्या फोनवरचे झेल हे पैसे पाठवण्याचे साधनसुद्धा सात मोठ्या बँकांच्या मालकीच्या कंपनीचे आहे. सरकार कर्जरोखे काढते तेव्हा लिलावात बोली लावण्याचे आणि पुढे त्यांचा बाजार चालता ठेवण्याचे काम ज्या मोजक्या संस्थांकडे असते, त्यांत या मोठ्या बँकांच्या शाखा-संस्था आहेत. एखाद्या विमान कंपनीला अब्जावधींचे कर्ज हवे असते, एखाद्या राज्याला पूल बांधायला रोखे विकायचे असतात. ही कामे दोन अब्ज डॉलरच्या गावबँकेला पेलणारी नाहीत. एवढी मोठी अर्थव्यवस्था चालवायला मोठे नळ लागतातच. वाद आहे तो त्या नळांची मालकी कोणाकडे असावी आणि त्यांवर देखरेख कशी असावी याचा.

मुलीचा राग मात्र खोटा नाही. १३ ऑक्टोबर २००८ रोजी अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना बोलावून घेतले आणि त्या नऊ बँकांमध्ये मिळून १२५ अब्ज डॉलरचे सरकारी भांडवल घातले. त्या बैठकीत सिटीग्रुपचे प्रमुख म्हणून नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित बसले होते. त्यांच्या बँकेला एकूण ४५ अब्ज डॉलर घ्यावे लागले, आणि बँक पुन्हा नफ्यात येईपर्यंत एक डॉलर पगार घेईन असे त्यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये जाहीर केले. या बँकांनी सरकारचे पैसे पुढे परतावा देऊन फेडले. परंतु ज्यांची घरे लिलावात गेली त्यांना कोणी असे भांडवल पुरवले नाही. गृहकर्जाच्या रोख्यांविषयी गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याबद्दल जेपी मॉर्गनने २०१३ मध्ये १३ अब्ज डॉलरची, आणि बँक ऑफ अमेरिकेने २०१४ मध्ये १६.६५ अब्ज डॉलरची तडजोड केली. वेल्स फार्गोच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. फेडरल रिझर्व्हने २०१८ मध्ये त्या बँकेच्या वाढीवरच मर्यादा घातली आणि ती जून २०२५ पर्यंत उठवली नाही. या सगळ्या नोंदलेल्या गोष्टी आहेत आणि तरुण माणसाने त्या विसरू नयेत.

फक्त तिने एक गोष्ट जोडीला लक्षात घ्यावी. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत अमेरिकेत ४६५ बँका बुडाल्या आणि त्यांतल्या बहुतेक लहान होत्या. अनेकींनी आपल्याच भागातल्या जमिनींवर आणि बांधकामांवर अंदाधुंद कर्जे दिली होती. लहान असणे म्हणजे सद्गुणी असणे नव्हे. आणि आज मोठी दिसणारी बँकही कधी लहान होती. १९०४ साली अमादेओ जियानिनी यांनी सॅन फ्रान्सिस्कोत बँक ऑफ इटली काढली, ती ज्यांना बड्या बँका दारात उभे करत नसत अशा इटालियन स्थलांतरितांसाठी. १९०६ च्या भूकंपानंतर त्यांनी दोन पिंपांवर फळी टाकून कर्जवाटप सुरू केले असे सांगतात. तीच बँक पुढे बँक ऑफ अमेरिका झाली. २०११ साली तुमच्यासाठी दार उघडणारी बँक आणि १९०६ ची ती बँक यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

मुलीला खरोखर काही बदलावेसे वाटत असेल, तर आपल्या चेकिंग खात्याच्या शिलकेपेक्षा कायद्याकडे तिचे लक्ष असावे. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ५० अब्ज डॉलरवरच्या सगळ्या बँकांना कडक देखरेखीखाली आणले होते. २०१८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती मर्यादा २५० अब्जांवर नेली. सिलिकॉन व्हॅली बँक या दोन आकड्यांच्या मधे होती. अशा मतदानाच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने काय केले, हे शोधून त्याला जाब विचारण्याचा हक्क तिला आहे आणि तिने तो बजावावा असे मला मनापासून वाटते.

आता बेइमानीचा मुद्दा. बँकेशी असलेले नाते व्यवहाराचे असते, पण म्हणून ते पोकळ नसते. मी काही वर्षे एका बँकेच्या कर्जविभागात काम केले आहे आणि तिथे शिकलो ते असे की लहान धंद्याचे कर्ज कागदावर पाहिले तर बहुतेक वेळा नाकारण्यासारखेच दिसते. ते मंजूर होते कारण कोणीतरी त्या माणसाला ओळखत असते, त्याची उधारी-वसुली कशी आहे हे पाहिलेले असते. मोठ्या बँकेचे गणित हजारो अर्जांना एकच चाळण लावते. ते स्वस्त पडते, पण तुमच्यासारखे लोक त्या चाळणीतून खाली पडतात. २०२० च्या एप्रिलमध्ये धंद्यांना पगारासाठी सरकारी कर्जे द्यायला सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या फेरीचे ३४९ अब्ज डॉलर तेरा दिवसांत संपले, आणि गावच्या बँकांचे अनेक ग्राहक त्या फेरीत पुढे राहिले ते या ओळखीमुळेच. तुमच्या ठेवीतून तुमच्या गावच्या बँकेला दुसऱ्या कोणाला तरी कर्ज देता येते, हेही विसरू नका. एवढे सगळे मान्य करूनही, विम्याच्या रेघेबाहेरचा पैसा त्या बँकेत ठेवणे हे तुमचे ऋण नाही. तुम्ही कर्जाचे हप्ते वेळेवर भरलेत, तिथेच ते फिटले.

तुम्ही सगळे हलवायचे की काहीच नाही, असे दोनच पर्याय धरून चालला आहात, आणि माझ्या मते अडचण तिथे आहे. आकडे मांडून पाहू. घरची तीन लाख दहा हजारांची बचत यजमानांच्या एकट्याच्या नावावर आहे, म्हणजे साठ हजार रेघेबाहेर आहेत. तेच खाते तुम्हा दोघांचे संयुक्त केले, तर प्रत्येकी अडीच लाखांप्रमाणे पाच लाखांपर्यंत विमा मिळतो आणि एकही डॉलर न हलवता सगळी बचत आत येते. त्या बँकेत तुमचे दुसरे संयुक्त खाते असेल तर त्यातली रक्कम याच हिशेबात धरावी लागेल. मुलीला मृत्यूनंतरची लाभार्थी म्हणून नोंदवले तर संरक्षणाचे गणित आणखी बदलते, आणि निवृत्ती खात्याची ठेव वेगळी धरली जाते. कंपनी कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेली असेल, तर तिच्या पैशाला तुमच्या घरच्या पैशाहून स्वतंत्र अडीच लाखांचा विमा आहे. नोंदणी न करता एकट्याच्या नावावर धंदा चालवणाऱ्या वाचकांनी मात्र सावध राहावे, कारण त्यांचे धंद्याचे आणि स्वतःचे पैसे एकत्र मोजले जातात. तुमच्या कंपनीचे साडेचार लाख असतील तेव्हा दोन लाख उघड्यावर असतात. खरा प्रश्न एवढ्या दोन लाखांचा आहे.

त्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, तुमच्या गावच्या बँकेलाच विचारा की मोठी रक्कम तुकडे करून इतर बँकांत विभागून ठेवण्याची सोय तिच्याकडे आहे का. अनेक लहान बँका अशा जाळ्याच्या सभासद असतात. खाते त्यांच्याकडेच राहते, आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या बँकेत रेघेच्या आत ठेवला जातो. दुसरी वाट म्हणजे कंपनीचे दुसरे खाते एका मोठ्या बँकेत उघडून पगारांची आणि करांची रक्कम तिथे ठेवणे. तुमच्या स्थितीत मी दोन्ही केले असते. जादा पैसा गावच्या बँकेतून विभागून ठेवला असता, आणि एका पगारवाटपापुरती रक्कम मोठ्या बँकेत ठेवली असती, कारण एखादी बँक बंद पडली किंवा तिची संगणकव्यवस्था दोन दिवस कोलमडली तर दुसरे दार उघडे असावे.

मोठ्या बँकेत घरची बचत मात्र नेऊ नका. व्याजदर शिखरावर असताना, म्हणजे फेडरल रिझर्व्हचा दर सव्वापाच ते साडेपाच टक्के होता तेव्हाही, सर्वांत मोठ्या बँकांच्या साध्या बचत खात्यांवर टक्क्याचा शंभरावा भाग व्याज मिळत होते आणि त्याच वेळी अनेक ऑनलाइन बँका चार टक्क्यांहून अधिक देत होत्या. तुमच्या तीन लाख दहा हजारांवर हा फरक वर्षाला ३१ डॉलर आणि १२,४०० डॉलर इतका होतो. ज्यांना अधिक व्याज हवे आहे त्यांनी एवढेच पाहावे की ठेव थेट विमा असलेल्या बँकेत आहे. एप्रिल २०२४ मध्ये सिनॅप्स नावाची, ॲप आणि बँका यांच्या मधली कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा फोनवरच्या चकचकीत ॲपमधून पैसे ठेवलेल्या हजारो लोकांना ते महिनोन्महिने मिळाले नाहीत, कारण बँक बुडाली नव्हती आणि मधल्या कंपनीच्या बुडण्याला ठेव विमा लागू होत नाही. बँकेच्याच काउंटरवर विकल्या जाणाऱ्या म्युच्युअल फंडांनाही तो लागू नाही.

दुसरे खाते उघडण्याआधी पतमर्यादेचा करारनामा काढून वाचा. धंद्याचे मुख्य खाते कर्ज देणाऱ्या बँकेतच राहिले पाहिजे, अशी अट त्यात पुष्कळदा असते, आणि ती मोडली तर पतमर्यादा परत मागण्याचा हक्क बँकेला मिळू शकतो. कलम सापडले नाही तर वकिलाला दाखवा. मग ज्या अधिकाऱ्याशी तुमचा इतकी वर्षे संबंध आहे त्याची वेळ घेऊन त्याला सरळ सांगा की पगाराच्या सुरक्षिततेसाठी दुसरे खाते उघडत आहोत, बाकीचे सगळे इथेच राहील. धंदा जाणणाऱ्या बँकरला यात वावगे वाटणार नाही. उलट न सांगता शिल्लक कमी होऊ लागली तर त्याला तुमच्या धंद्याविषयी शंका येईल. त्याच भेटीत बचत खाते संयुक्त करण्याच्या अर्जावर तुम्ही दोघांनी सह्या करा, आणि कोणत्या खात्यावर किती विमा आहे ते त्याच्याकडून लिहून घ्या. एफडीआयसीच्या संकेतस्थळावरही खात्यांचे तपशील भरून हे तपासता येते. मुलीला सोबत न्यायला हरकत नाही, तिचे प्रश्न त्या अधिकाऱ्यानेही ऐकावेत.

मोठ्या बँकेतले खाते उघडल्यावर ते नुसते पडून राहू देऊ नका. किमान शिलकीपेक्षा रक्कम खाली गेली की दरमहा आकार लागतो, त्याची चौकशी आधी करा. पहिल्या दोन महिन्यांत एक पगारवाटप तिथून करून पाहा. तीसही जणांच्या खात्यांत पैसे वेळेवर पोहोचतात का, करांचा भरणा त्या खात्यातून होतो का, आणि पगाराचे काम पाहणाऱ्या कंपनीकडे दोन्ही खात्यांची नोंद नीट आहे का, हे त्यातून कळेल.